महाविद्यालयाचे स्थळ

मुलीला स्थळ सांगून आले म्हणजे घराणे, हुद्दा आणि जमीनजुमला यांची साद्यंत चौकशी होऊनही, मुलाकडचे घर प्रत्यक्ष पाहून आल्यावाचून ज्यांच्या जिवाला स्वस्थता लाभत नाही, तेच गृहस्थ पाल्याची उमेदीची तीन-चार वर्षे ज्या महाविद्यालयाच्या स्वाधीन करावयाची, त्याचा उंबरठाही न ओलांडता पसंतिक्रमात त्याला अग्रस्थान देऊन मोकळे होतात. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती पत्करणे भाग असते, एरवी पुढील फेऱ्यांवर पाणी सोडावे लागते. सबब पाहणी आधीच, आणि तीही दिवाळीनंतर वर्ग रीतसर भरत असतील अशा एखाद्या साध्या दिवशी करावी. स्नेहसंमेलनाच्या दिवशी तर मुळीच नव्हे.

पुण्यापुरते बोलावयाचे, तर टेकडीच्या पायथ्याचे 1885 सालचे फर्ग्युसन, किंवा 1854 पासूनची परंपरा सांगणारे आणि 2022 मध्ये विद्यापीठपदास पोहोचलेले शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय पाहून कोणाचेही मन हरखते. गणेशखिंडीतील विद्यापीठाची मुख्य इमारत तर एके काळी खुद्द गव्हर्नरसाहेबांचा निवास. परंतु वास्तूचे वैभव पाहुण्यासाठी असते. विद्यार्थ्याचा संबंध येतो तो ग्रंथालयाशी, जेथे कपाटापर्यंत जाऊन पुस्तक स्वतः चाळता येते, की चिठ्ठी देऊन कारकुनाच्या मर्जीची वाट पाहावी लागते, हे पाच मिनिटांत उमगते. प्रयोगशाळेशी, जेथे एका यंत्राभोवती किती मुले दाटीवाटीने उभी आहेत आणि त्यांपैकी कितीजण नुसतेच जर्नल उतरवून घेत आहेत, हे दारातूनही दिसते. आणि दप्तराच्या त्या खिडकीशी, जिच्यापुढे बोनाफाईडच्या एका कागदासाठी किती हेलपाटे पडतात, हे रांगेतले विद्यार्थी आपण होऊन सांगतात. नॅकची श्रेणी अवश्य पाहावी, पण ती समग्र संस्थेची असते; विशिष्ट शाखेची मान्यता एनबीएकडून मिळते, आणि ती निराळी विचारावी लागते.

वसतिगृहाचा तपशीलही निराळाच. महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे खोली मिळालीच, असा समज करून ट्रंक घेऊन आलेली मुले आणि त्यांचे हवालदिल पालक जुलै-ऑगस्टात पुष्कळ दिसतात.

सर्वांत खरी माहिती कँटीनमध्ये, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून मिळते: अध्यापक नेमाने तास घेतात का, खाणावळीचे जेवण घशाखाली उतरते का, उन्हाळ्यात पाणी किती वाजेपर्यंत टिकते. हे प्रश्न मुलाने वा मुलीने स्वतः विचारावेत. वडिलांनी त्या वेळी जरा दूर, सूचनाफलकावरील गतवर्षीच्या सूचना वाचीत उभे राहावे.