‘ओ.टी.’ म्हणजे फक्त ऑपरेशनची खोली नव्हे

दवाखान्यात ‘ओ.टी.’ म्हटलं की सिस्टरपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना ऑपरेशन थिएटर आठवतं. दुसरी ओ.टी. म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. या नावानेही घोटाळा होतो. कुणाला वाटतं इथं धंदा शिकवतात, कुणाला वाटतं हा फिजिओथेरपीचाच प्रकार. मग रुग्णाला तिकडे पाठवायचं राहून जातं.

इथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस दिवसभर करतो ते प्रत्येक काम : जेवण, आंघोळ, कपडे, स्वयंपाक, शाळा, मजुरी.

समजा, जतमधल्या एखाद्या ताईंच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर औषधं देतात. फिजिओथेरपिस्ट हालचाल, ताकद आणि तोल सुधारण्यासाठी व्यायाम घेतात. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतात, “घरी कोणतं काम अडतं?” ब्लाऊज घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना शेवटी काढायचा. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवायचं. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करायचा, म्हणजे पकड बसते. खाली बसता येत नसेल तर शौचासाठी खुर्चीची सोय करायची. ताईंना स्वतःच्या हाताने घास घेता आला, तर मुलीची शाळाही सुटत नाही.

कडबाकुट्टीत किंवा कोयत्याने हात जायबंदी झालेले मजूर, भाजलेले रुग्ण, कुष्ठरोगाने बोटं वाकलेली माणसं, सेरेब्रल पाल्सी वा स्वमग्नता असलेली मुलं, मानसिक आजारातून सावरणारे लोक, या सगळ्यांना हा उपचार उपयोगी पडतो.

हे शास्त्र आपल्याकडे नवं नाही. कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. त्या जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झाल्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे. आज केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत हे शिक्षण मिळतं. पण शिकलेले बहुतेक जण शहरातच राहतात. खेड्यातल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं, मग त्यांना ते सुचणार कसं?

म्हणून विचारायचं आपणच. रुग्णाला घरी सोडण्याआधी त्याला न जमणाऱ्या पाच कामांची यादी करा : घास घेणं, बटण लावणं, उठून बसणं, जे असेल ते. ती डॉक्टरांना दाखवा. “व्यवसायोपचाराची चिठ्ठी मिळेल का आणि ही सोय कुठे आहे?” असं स्पष्ट विचारा. चिठ्ठीवर ‘ओ.टी.’ नको, पूर्ण नाव लिहून घ्या. तीच यादी वस्तीतल्या आशाताईंनाही द्या. पुढच्या घरी असा रुग्ण दिसला, तर काय विचारायचं हे त्यांना ठाऊक असेल.

जीव वाचला हे मोठंच. पण त्या माणसाला स्वतःचं काम स्वतः करता यावं, हाही उपचाराचाच भाग आहे. तो मागायला संकोच करू नका.