हिंदमाताच्या खोलगटात

दादर आणि परळच्या मधे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर, हिंदमाता चित्रपटगृहाच्या नावाने ओळखला जाणारा परिसर बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचे पाणी वाहत येऊन इथेच थांबते. जून लागला की इथल्या साड्यांच्या दुकानांत खालचे कप्पे रिकामे करून गठ्ठे माळ्यावर चढतात. चाळींतली तळमजल्यावरची बिऱ्हाडे फ्रीजखाली विटा सरकवतात. पाणी उंबरठा ओलांडू लागले की फोन सुरू होतात, पालिकेच्या १९१६ वर किंवा थेट नगरसेवकाला. उत्तर ठरलेले असायचे: भरती आहे, ओहोटी लागली की उतरेल.

हे उत्तर खोटे नव्हते, हीच खरी पंचाईत. ब्रिटिश अमदानीतल्या पर्जन्यजलवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या गेल्या, तोही समुद्राला ओहोटी असेल असे धरून. निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असेही गृहीत होते. आता मुरायला माती उरली आहे कुठे? पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या १८६ मुखांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीखाली आहेत आणि आणखी १३५ भरतीच्या पातळीखाली. साडेचार मीटरच्या भरतीत जोराचा पाऊस आला, तर पाण्याने जायचे तरी कुठून?

उपाय माहीत नव्हता असे नाही. ताशी ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा व्यवस्थेचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच पालिकेच्या हाती आला होता. खर्च ६१६ कोटी रुपये सांगितला होता. अहवाल कपाटात राहिला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला (कुलाब्याला त्याच वेळी ७५ मिलिमीटरही नव्हता), शेकडो माणसे दगावली, तेव्हा कपाट उघडले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली आणि पुढे केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले.

मग पंपांची केंद्रे, म्हणजे उदंचन केंद्रे, आली. हाजी अली आणि इर्ला २०११ मध्ये, लव्हग्रोव्ह आणि क्लीव्हलँड बंदर २०१५ मध्ये, रे रोडचे ब्रिटानिया २०१६ मध्ये, गझदरबंध २०१९ मध्ये. भरतीच्या वेळी समुद्राकडची दारे बंद करून आतले पाणी उपसून बाहेर फेकायचे, असे हे काम. ब्रिटानिया सुरू झाले की हिंदमाता सुटेल असे सांगितले गेले होते. सुटले नाही. पंप कितीही दांडगा असला, तरी खोलगटातले पाणी त्याच्यापर्यंत वेळेत पोचायला हवे ना!

२९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन परिसरात तुंबलेल्या पाण्यातून घरी निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि वाहून गेले. पाणी लवकर उतरावे म्हणून झाकण काढण्याची मुंबईची जुनी सवय त्या दिवशी जिवावर बेतली. झाकणाखाली संरक्षक जाळ्या बसवण्याचे काम त्यानंतर हाती घेतले गेले, आणि त्यासाठीही उच्च न्यायालयाला पालिकेला पुन्हा पुन्हा विचारावे लागले.

२०२१ मध्ये पालिकेने वेगळा विचार केला. पाणी समुद्रापर्यंत जात नसेल, तर ते काही तास जवळच कुठेतरी ठेवायचे. दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. हिंदमाताचे पाणी पंपाने तिकडे ढकलायचे, ओहोटीला सोडून द्यायचे. त्याच सुमारास हिंदमाता आणि परळ या उड्डाणपुलांमधला रस्ताही उचलला. गाड्यांची सोय झाली, पण रस्ता वर गेला म्हणून बाजूची दुकाने काही वर गेली नाहीत. वाहतूक थांबली नाही एवढ्यावर पाणी ‘तुंबले नाही’ असे म्हणणे सोपे असते; तळमजल्यावरच्या बाईला विचारले तर हिशेब निराळा निघतो.

टाक्यांचा उपयोग झाला, हे मान्यच करायला हवे. पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरू लागले. पण यंत्र आले की त्याला चालवणारा माणूस लागतो. २६ मे २०२५ ला पाऊस मुंबईत नेहमीपेक्षा दोन आठवड्यांहूनही आधी दाखल झाला आणि हिंदमाता पुन्हा पाण्यात गेले. छोटी उदंचन केंद्रे वेळेत, पूर्ण क्षमतेने चालली नाहीत म्हणून पालिकेने हिंदमाता, गांधी मार्केट, यलो गेट आणि चुनाभट्टी इथल्या चालकांना प्रत्येकी १० लाखांचा दंड केला.  दंड कंत्राटदाराला झाला. त्याच्यावर लक्ष ठेवायचे कोणी, हा प्रश्न दंडाच्या पावतीवर नसतो.

नालेसफाईतही हेच. २०१५ मध्ये गाळाच्या नोंदींत गोलमाल सापडला, अभियंते निलंबित झाले, कंत्राटदारांवर गुन्हे दाखल झाले. मे २०२५ मध्ये मिठी नदीच्या गाळाबाबत सुमारे ६५ कोटींच्या फसवणुकीचा गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेने नोंदवला. नाल्यातून निघालेला गाळ कोणी मोजला, कोणी फोटो काढला, हे सभागृहात विचारणारे नगरसेवक मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नव्हतेच. कारभार प्रशासकाकडे होता. या काळात वॉर्ड ऑफिसात तक्रारीचा क्रमांक मिळत होता, पण ओळखीच्या माणसाला भर चौकात अडवून जाब विचारायची सोय गेली होती.

आठ उदंचन केंद्रांच्या योजनेतली मोगरा आणि माहूल ही दोन जागेच्या तंट्यांत वर्षानुवर्षे रखडली. माहूलच्या भरवशावर माटुंगा, शीव, चेंबूर आणि गांधी मार्केटचा परिसर आहे. ते केंद्र उभे राहीपर्यंत या भागात दर पावसाळ्यात भाड्याचे डिझेल पंप रस्त्याकडेला उभे राहतात.