शून्याची शहानिशा

गेल्या महिन्यात जुन्या कंपनीतल्या मित्राचा फोन आला. "आपलं वर्कशॉप मोडलं रे," तो म्हणाला. "बेंच, कपाटं, रेग्युलेटर, सगळं भंगारात गेलं. आता बाहेरची एजन्सी वर्षातून दोनदा येते, सेन्सरवर स्टिकर चिकटवते आणि जाते." रायगड जिल्ह्यातल्या त्या रासायनिक कारखान्यात मी ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्या खोलीतून रोज सकाळी एक माणूस गॅसचा छोटा सिलिंडर घेऊन प्लँटमध्ये फिरायला निघायचा. बंद पडलं ते त्याचं निघणं, आणि माझा जीव तुटतो तो त्यासाठी.

हम्फ्री डेव्हीने १८१५ साली केलेला दिवा, खाणीत पिंजऱ्यातून नेलेल्या कॅनरी, शेफील्डच्या खाण-सुरक्षा प्रयोगशाळेत घडलेला पेलिस्टर नावाचा सेन्सर, गॅस ओळखण्याचा हा इतिहास पुस्तकांतून मिळतो. माझ्यासाठी ही गोष्ट मामाच्या दिव्यापासून सुरू होते. मामा बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की क्वार्टरच्या ओट्यावर बसून तो दिवा कसा धरायचा ते हाताने करून दाखवायचा. वात अगदी बारीक करायची आणि दिवा हळूहळू छताकडे न्यायचा, कारण मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर साठतो. गॅस असेल तर ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते आणि टोपीच्या उंचीवरून गॅस किती ते कळतं. सव्वा टक्का झाला की तिथली वीज तोडायची. पाच ते पंधरा टक्क्यांच्या मध्ये एक ठिणगी पुरते. आणि ऑक्सिजन कमी पडला तर दिवाच विझतो. "दिवा इझला का मांगं फिराचं," मामा म्हणायचा, "दिव्याले खोटं बोलता येत नाही."

मामाचं ते वाक्य मला खरं समजलं ते नोकरीत. मी लागलो १९८२ साली. तेव्हा आमच्याकडे गॅस ओळखायचा तो नाकाने. क्लोरीनचा वास आला की फोरमन विंडसॉककडे बघायचा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने पळा म्हणून ओरडायचा. टाकीत उतरायच्या आधी कोणी गॅस तपासायची ड्रेगर ट्यूब लावली तर लावली. आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

मग २ डिसेंबर १९८४ची रात्र आली. भोपाळच्या युनियन कार्बाइडमधून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. तपशील हळूहळू येत गेले तसे आम्ही वर्कशॉपमध्ये पेपर मोठ्याने वाचायचो. टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा जूनपासून बंद. फ्लेअरकडे जाणारी पाइप दुरुस्तीसाठी काढलेली. आणि गळती कळली कशी, तर कामगारांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं म्हणून. हे वाक्य वाचलं तेव्हा आमच्यातला एक जण उठून बाहेर गेला. आमच्याकडेही डोळ्यांचाच सेन्सर होता.

पुढची दहा वर्षं, १९८५ ते १९९५, हा माझ्या नोकरीतला सोन्याचा काळ. दिल्लीत डिसेंबर १९८५मध्ये श्रीराम कारखान्यातून ओलियम गळलं आणि सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक कारखान्याची जबाबदारी पूर्ण आणि बिनशर्त ठरवली. १९८६ साली पर्यावरण कायदा आला. १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण घातलं गेलं. या सगळ्याचा आमच्यापर्यंत पोचलेला अर्थ एवढाच, की साहेब लोक घाबरले होते, आणि त्या भीतीतून पैसे सुटले. प्लँटभर सेन्सर लागले. हायड्रोजनसाठी वर, छताजवळ. हायड्रोजन सल्फाइडसाठी खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

त्यातला पेलिस्टर मला फार आवडायचा. मसुराच्या दाण्यापेक्षाही लहान दोन मणी, आत प्लॅटिनमच्या बारीक तारेची गुंडाळी. एका मण्यावर उत्प्रेरक, दुसऱ्यावर नाही. ज्वलनशील गॅस आला की पहिल्या मण्यावर तो जळतो, मणी तापतो, तारेचा रोध वाढतो आणि दोन मण्यांमधला तोल जातो. तोल किती गेला त्यावरून गॅस किती ते पॅनलवर येतं.

१९८८च्या सुमाराला कंप्रेसर हाउसच्या चार पेलिस्टरना मी नेहमीसारखा टेस्ट गॅस लावला. हेडवर रबरी कप बसवला, व्हॉल्व्ह उघडला, घड्याळ बघत उभा राहिलो. काटा हलला नाही. दुसरा, तिसरा, तसेच. आदल्या आठवड्यात तिथल्या दारांच्या बिजागऱ्यांवर कोणीतरी सिलिकॉनचा स्प्रे मारला होता आणि सिलिकॉनने उत्प्रेरकाचा जीव घेतला होता. पॅनलवर मात्र चारही ठिकाणी शून्य. हवा स्वच्छ असली तरी शून्य, सेन्सर मेला तरी शून्य. मामाचा दिवा विझला की विझलेला दिसायचा. आमचा सेन्सर मेला तरी पॅनलवर स्वच्छ हवाच दाखवत राहायचा. ते शून्य खरं की खोटं हे ठरवायला त्याच्यापाशी गॅस घेऊन जाणारा माणूस लागतो, दुसरा उपाय नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्कशॉपने रोजची फेरी सुरू केली. प्रत्येक सेन्सरचं एक कार्ड, कार्डावर तारीख, लावलेला गॅस, आलेलं रीडिंग आणि सही. कार्डावर सही नसेल तर त्या भागात हॉट वर्कचं, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाचं, परमिट मिळत नसे. साहेबांनाही नाही.

पण सगळेच साहेब तेवढे घाबरलेले नव्हते. १९९१च्या पावसाळ्यात सांडपाण्याच्या पिटवरचा हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म रोज रात्री वाजायला लागला. मी टेस्ट गॅस लावून बघितला, सेन्सर अगदी बरोबर होता. सल्फाइडच्या पाण्यात कुठून तरी आम्ल मिसळत होतं. अलार्म वाजला की ट्रान्सफर थांबायचा, आणि महिनाअखेर जवळ आली होती. एका सकाळी अलार्म शांत. मी पॅनलचं मागचं दार उघडलं. सेन्सरची केबल काढून तिथे सहा हजार ओहमचा एक रेझिस्टर बसवला होता. चोवीस व्होल्टवर त्यातून बरोबर चार मिलिअँपिअर वाहतात आणि चार मिलिअँपिअर म्हणजे शून्य गॅस. कोणीतरी हिशोब करून शून्य तयार केलं होतं.

मी फोनकडे धावलो, पण हेल्पर पंप बघायला शिडीवरून पिटमध्ये उतरायला लागलाही होता. हा गॅस थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. शंभर पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होतं, वास जातो आणि माणसाला वाटतं, गेला धोका. तो तिसऱ्या पायरीवरच कोसळला. "कोणी खाली जाऊ नका," असं ओरडत दोघांनी श्वसनसंच चढवले आणि त्याला वर काढलं. तो वाचला, पण पुन्हा कारखान्यात आला नाही. चौकशीच्या कागदावर कारण लिहिलं होतं, सेन्सरमधला बिघाड. मी सही केली नाही. त्याची किंमत म्हणून आठ महिने स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजले. ज्या साहेबाने तो रेझिस्टर लावायला सांगितला, त्याला आज एवढंच सांगायचं आहे: सेन्सर बरोबर होता. त्या दिवशीचं कार्ड माझ्याकडे आहे.

पंचाण्णवनंतरच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. संगणकाचे पडदे आले, सेन्सर वाढले, वर्कशॉपमधली माणसं सातावरून दोनावर आली. कामं कंत्राटी झाली. ज्याची नोकरी दर अकरा महिन्यांनी नव्याने लागते, तो सही नाकारणार कुठल्या बळावर? बातम्या येतच राहिल्या. सप्टेंबर २००६मध्ये धनबादजवळच्या भाटडीह खाणीत मिथेनचा स्फोट होऊन ५० कामगार गेले. मामा तेव्हा हयात होता. बातमी ऐकून तो दिवसभर बोलला नाही. मे २०२०मध्ये विशाखापट्टणमला पहाटे स्टायरीन गळलं आणि आसपासच्या लोकांसाठी सायरन वाजलाच नाही. मे २०२४मध्ये रासायनिक कारखान्यातल्या स्फोटाने डोंबिवली हादरली. भोपाळला चाळीस वर्षं झाली तेव्हा भाषणं झाली, मेणबत्त्या लागल्या. त्याच सुमारास आमच्याकडे रोजची फेरी आठवड्याची झाली होती. आता ती वर्षातून दोनदा.

स्टिकरवर माझा राग नाही. एजन्सीची मुलं शिकलेली असतात, त्यांचे सिलिंडर प्रमाणित असतात. पण जानेवारीत लावलेला स्टिकर फेब्रुवारीत मारलेल्या सिलिकॉन स्प्रेबद्दल काहीही सांगू शकत नाही. आणि रेझिस्टर लावायला जुलैपर्यंत कितीतरी रात्री मिळतात.

मित्राने भंगाराच्या ढिगातून काही जुनी कार्डं वाचवली आणि माझ्याकडे पाठवली. पिवळी पडलेली, ग्रीसची बोटं उमटलेली. एकावर माझंच अक्षर आहे: "रीडिंग शून्य. गॅस लावला, उत्तर नाही. सेन्सर बदलला. परमिट थांबवलं." एवढ्या चार वाक्यांत आमच्या दशकाची सगळी कमाई आहे, आणि त्यातलं सगळ्यात महाग वाक्य शेवटचं.

माझा नातू यंदा केमिकलचा डिप्लोमा करून अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागला. त्याच्या बॅगेत मी ते कार्ड ठेवलं आणि एकच गोष्ट सांगितली. टाकीत, पिटमध्ये, कुठेही उतरायच्या आधी मीटरचा आकडा बघून समाधान मानू नकोस. देणाऱ्याला सांग, माझ्यासमोर याला गॅस दाखवा. काटा वर गेलेला, अलार्म वाजलेला तुझ्या डोळ्यांनी बघ, काटा परत खाली आलेला बघ, मग उतर. ते नाही म्हणाले तर वरच थांब.

पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "आजोबा, मीटरला लावायला गॅसच नव्हता, सिलिंडर रिकामा होता."

"मग?"

"मी वरच थांबलो."

मी त्याला विचारलं, साहेब काय म्हणाले. तो म्हणाला, सिलिंडर मागवलाय, येईपर्यंत काम बंद.