जोर कुठे द्यायचा?

सुटे ध्वनी नीट जमले की इंग्रजी उच्चार जमला, हा समज अपुरा आहे. अनेक सिलेबलांच्या शब्दात मुख्य जोर एकाच सिलेबलवर पडतो, उरलेल्यांपैकी बरीच झिजतात, आणि ऐकणारा शब्द ओळखतो तो याच चढउतारावरून. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फटॉग्रफर’मध्ये तो ‘टॉ’वर सरकताच पहिला ओकार विरतो, ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तो ‘ग्रॅ’वर जातो. मराठीत आघाताने, म्हणजे या जोराने, सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळ्या सिलेबलांना जवळपास सारखेच वजन देतो. ‘याला नियमच नाहीत’ ही तक्रार निम्मीच खरी. ‘-इक’ आणि ‘-शन’ हे शेवट जोर आपल्या लगेच आधीच्या सिलेबलवर ओढतात. ‘पॉलिटिक्स’सारखे अपवाद थोडे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या आपसांतल्या संवादासाठी शब्दाघात अत्यावश्यक गोष्टींत धरला नाही. पण त्यांचा मुद्दा त्या संवादापुरता आहे. लंडनचा माणूस झिजलेले स्वर बोलतो, ते आपल्याला ऐकू यायचे तर जोराची जागा ठाऊक हवीच.