जुन्या तावदानाचे काय करावे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत लोणावळ्यात एक जुने घर पाडताना पाहिले. गज आणि बिजागऱ्या भंगारवाल्याने वजनावर नेल्या, सागवानी चौकटींना गिऱ्हाईक आधीच ठरलेले होते. तावदाने मात्र मजुरांनी फोडून राडारोड्यात टाकली. काच सोडवायला वेळ लागतो आणि जुन्या काचेला भाव नाही.

ती पुन्हा वितळवता आली नसती का? मावळाला काचेच्या भट्टीची ओळख जुनी आहे. घरोघरी पैसा-पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली तेथे तरुण हा धंदा शिकले. वाळू, सोडा आणि चुनखडी यांपासून काच करण्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागते. मिश्रणात फुटकी काच घातली तर ते लवकर वितळते. दर दहा टक्के काचेमागे भट्टीची सुमारे अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. ही बचत चांगली, पण थोडी. शिवाय लांबी, रंग किंवा आरशाचा मुलामा काचेसोबत गेला तर माल बिघडतो. म्हणून तावदान अखंड असेल तर ते अखंडच वापरणे शहाणपणाचे.

पण जुनी काच निकामी झालेली नसते ना? काच हळूहळू खाली ओघळते, असे पुष्कळ विद्यार्थी (आणि काही शिक्षकही!) सांगतात. ते खरे नाही. जुन्या तावदानातून पाहताना समोरचे झाड वाकडे दिसते, ते काच बनवण्याच्या जुन्या पद्धतीमुळे. काच ही लोणावळ्याच्या चिक्कीतील पाकासारखी असते : पाक निवला, पण स्फटिक बनले नाहीत. चिक्की पावसाळी हवेत मऊ पडते. काच मात्र साडेपाचशे अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत मऊ होत नाही.

अशा तावदानापासून सूर्यपेटी करता येते. लाकडी खोक्यात दुसरे लहान खोके ठेवा. मधल्या जागेत भाताचे तूस भरा, आतून काळा रंग द्या आणि वर तावदान बसवा. सूर्यप्रकाशापैकी सुमारे ८५ टक्के भाग काचेतून आत येतो. तापलेला काळा पृष्ठभाग अवरक्त किरण बाहेर टाकतो. १०० अंशांला त्यांची तरंगलांबी मुख्यतः ८ मायक्रॉनच्या आसपास असते. हे किरण काचेतून पार जात नाहीत. गरम हवाही आतच कोंडली जाते.

एक गंमत पाहा. काच उष्णतेला फारसा अडथळा करत नाही. तिची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे ४० पट आहे. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीची काच जेवढे अडवते, तेवढे ०.०७५ मिलिमीटर हवेचा थर अडवतो! म्हणून खिडकीची दोन तावदाने मिळाली तर दोन्ही वापरा आणि मध्ये बोटभर अंतर ठेवा. आत येणारा प्रकाश थोडा घटतो, पण उष्णतेची गळती त्याहून अधिक घटते. स्वच्छ उन्हात पेटी १०० अंशांच्या आसपास तापते. काळ्या डब्यात भात दोन-अडीच तासांत होतो. अर्थात लोणावळ्यात हे सारे पाऊस सरल्यावरच!

माझे पहिले तावदान तासाभरात तडकले. मी ते पट्ट्यांखाली घट्ट दाबून बसवले होते. मधला भाग उन्हात तापून प्रसरण पावला, पट्ट्यांखालची कड थंड राहिली. मधला भाग पसरू पाहतो, तसा कडेवर ताण येतो आणि काच ताणाला फार दुबळी असते. कडेला बारीक टवका असेल तर तडा तेथूनच सुरू होतो. असा तीस-चाळीस अंशांचा फरकही साध्या काचेला पुरतो. म्हणून कड पॉलिश-कागदाने, पाणी लावून घासा. पट्टी अरुंद ठेवा, काचेभोवती दोन मिलिमीटर जागा सोडा आणि तापलेल्या काचेवर पाणी शिंपडू नका.

जुन्या चौकटीवरच्या तैलरंगात शिसे असू शकते. तो कोरडा खरवडू नका. काच सोडवण्याचे काम सुताराकडून करून घ्या आणि हातमोजे घालूनच ती उचला.