बाप्तिस्म्यानंतर काय काय बदलतं?

चेन्नईत अड्यार नदीच्या काठी, सैदापेटला लिटल माउंट नावाची टेकडी आहे. येशूचा शिष्य थोमा इथल्या गुहेत राहिला, अशी ख्रिस्ती परंपरा. इतका जुना धागा सांगणाऱ्या या शहरातही नव्यानं ख्रिस्ती होणाऱ्याला घाईनं पाणी मिळत नाही. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला आधी बरेच महिने शिकवलं जातं. मग शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिलं प्रभुभोजन एकापाठोपाठ होतं. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळक आधी माणसाची श्रद्धा पारखतात, मग सगळ्यांसमोर विधी करतात. नाव बदलायची सक्ती नसते.

विधीला थोडा वेळ लागतो. त्यानंतरचा प्रवास मात्र वर्षांचा असतो. तो कसा घडतो हे मराठीत कवी नारायण वामन टिळक आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांच्या संसारात सर्वांत स्पष्ट दिसतं, कारण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात काहीच झाकून ठेवलं नाही.

टिळकांच्या बाबतीत आधी मन बदललं. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या माणसानं त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. किंमत मात्र घरानं मोजली. लक्ष्मीबाई लहान मुलाला, दत्तूला, घेऊन माहेरच्यांकडे राहिल्या आणि नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. त्या काळी जात सुटली की पंगत, पाणी, सोयरीक सगळं एकदम सुटत असे. श्रद्धा एकट्याची असली तरी धर्मांतर सगळ्या घराचं होतं, मनात असो वा नसो.

लक्ष्मीबाईंचा क्रम वेगळा होता, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. नवऱ्याकडे परतल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या; आपले आचार त्यांनी सोडले नव्हते. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांना छळत होता. दुसऱ्याच्या हातचं पाणी घ्यायला हरकत नाही, असं त्यांनी स्वतः विचार करून ठरवलं. येशूवरची श्रद्धा त्यानंतरची, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून निमूट गेलेल्या बाईची ही गोष्ट नव्हे.

सगळंच बदललं असंही नाही. टिळकांनी अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. तुकारामांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुढे मिशनचं काम सोडून 1917 साली त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

आता कायद्याचं. धर्म बदलला म्हणून मालमत्तेवरचा हक्क जाऊ नये, ही तरतूद 1850 सालच्या कायद्यात होती; तो कायदा आता रद्द झाला आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मात्र धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. नातेवाइकाच्या मृत्यूनंतर वारसा ठरतो त्या वेळी ती मुलं हिंदू असतील तरच मिळतो. लग्न आपोआप मोडत नाही, पण हिंदू जोडीदाराला त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो.

सर्वांत मोठा फटका दलितांना बसतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना नाही. तामिळनाडू त्यांना मागासवर्गात धरतो, त्यानं थोडा आधार मिळतो. पण चर्चमध्ये गेल्यानं जात मागे राहिली असं समजून हा दर्जा काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. जात चर्चमध्येही सोबत येते: तिरुचिरापल्लीतल्या मेलपुदूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या थडग्यांना वेगळं करणारी भिंत उभी होती.