अंड्याचा भाव आणि कोंबडीची जागा

'रोज एक अंडे खा' हा सल्ला आपण डॉक्टर मंडळी दिवसातून अनेकदा देतो. अशक्त गर्भवती, क्षयरोगातून उठलेला मजूर, खुब्याचे हाड मोडलेली वृद्धा, या सर्वांना सहा ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने इतक्या अल्प खर्चात व इतक्या विनासायास देणारे पदार्थ थोडेच आहेत. परंतु हे अंडे इतके स्वस्त का, आणि त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आपल्या बैठकांत क्वचितच निघतो. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा विचार आहे.

पेडणे तालुक्यातील आमच्या चोपडे गावात, तसेच पूल ओलांडून शिवोलीत किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेल्यास, दोन प्रकारची अंडी मिळतात. एक पोल्ट्रीचे, दुसरे गावठी. गावठी अंड्याचा भाव पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुपटीच्या आसपास असतो. कोंबडीला मोकळे ठेवावे असा विषय काढला की सुशिक्षित मंडळीही या भावाकडे बोट दाखवतात: 'दया करायची तर अंडे दुप्पट महाग होणार, मग गरिबाने काय खावे?' हा आक्षेप प्रामाणिक आहे. मात्र त्यामागचे गणित चुकीचे आहे, असे माझे मत आहे.

परसातली गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते. मध्येच ती खुडूक बसते. मुंगूस तिची पिल्ले नेते, आणि राणीखेतची साथ आली की खुराडेच्या खुराडे रिकामे होते. उलट पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेच्या पुढे अंडी देते. भावातला मोठा फरक येथून येतो. तो कोंबडीच्या जातीचा आहे, तिला मिळालेल्या मोकळीकीचा नव्हे. विचारायचा प्रश्न असा की, तीच तीनशे अंडी देणारी कोंबडी पिंजऱ्याबाहेर ठेवली, तर खर्च किती वाढतो?

त्याआधी पिंजरा म्हणजे काय, हे पाहू. आपल्या देशात तारेच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारणपणे ४०० ते ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. आपण औषधे लिहून देतो त्या ए-५ आकाराच्या चिठ्ठीचे क्षेत्रफळ ३११ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे जेमतेम दीड चिठ्ठी. तेवढ्या जागेत पंख पसरता येत नाहीत, आडोशाला बसून अंडे घालता येत नाही, मातीत अंग घोळता येत नाही. आयुष्याच्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ती अंडी देऊ लागते आणि पुढे वर्षभराहून अधिक काळ त्याच जाळीवर उभी असते.

वैद्यकाच्या दृष्टीने येथली गोष्ट विलक्षण आहे. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शिअम असते. म्हणजे वर्षाकाठी ही कोंबडी आपल्या संपूर्ण सांगाड्यात असते त्याच्या वीस पटींहून अधिक कॅल्शिअम शरीराबाहेर टाकते. कवच मुख्यतः रात्री तयार होते. त्या वेळी आतड्यातून पुरवठा कमी पडला की हाडांच्या पोकळीतील खास साठा वापरला जातो. हाडाची भरपाई व्हायची तर त्यावर भार पडावा लागतो, हे आपण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांत नेहमीच पाहतो. पिंजऱ्यात तो भार पडत नाही. हाडे ठिसूळ होतात, काही कोंबड्यांना उभे राहणेही जमत नाही. पशुवैद्यकात 'केज लेयर फटीग' या नावाने हा विकार गेल्या शतकाच्या मध्यापासून परिचित आहे.

तथापि, मोकळ्या शेडमध्ये सर्व काही आलबेल असते असे समजू नये. तेथे दांडीवरून उडताना छातीचे हाड मोडण्याचे प्रमाण पुष्कळ असते, कोंबड्या एकमेकींना टोचतात, विष्ठेशी संपर्क वाढल्याने जंतांचा उपद्रव होतो. मोकळीक देणाऱ्याला देखरेखही अधिक करावी लागते. नुसते दार उघडले म्हणजे काम झाले, असे नाही.

कायद्याने या प्रश्नाची दखल केव्हाच घेतली आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. विधि आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा स्वतंत्र विचार केला, आणि आजाराविना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचाही. (कोलिस्टिन पशुखाद्यात वापरण्यास २०१९ मध्ये बंदी आली. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना तिचे महत्त्व सांगायला नको.) त्याच वर्षी केंद्राने नियमांच्या मसुद्यात एका कोंबडीसाठी ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचवली. ए-४ कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो! युरोपीय संघाने २०१२ पासून साधे पिंजरे बंदच केले, आणि ज्या सुधारित पिंजऱ्यांना मुभा ठेवली त्यांत ७५० चौरस सेंटिमीटर जागा सक्तीची केली.

आता खर्चाकडे. अंड्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो, आणि पिंजऱ्याबाहेर तो थोडाच वाढतो. वाढतात ती जागा व मजुरी. पाश्चात्त्य देशांतला अनुभव पाहता शेडमधल्या मोकळ्या कोंबडीचे अंडे पाचव्या हिश्शाच्या आसपास महाग पडते. सात रुपयांच्या अंड्यामागे हा फरक दीड रुपयाचा होईल, सात रुपयांचा नव्हे.

दीड रुपयाही सर्वांना सारखा नसतो, हे मान्य. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. मुलाच्या ताटातले अंडे इतक्या सहज निघून जात असेल, तर दयेचा भार प्रथम त्या ताटावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. माझ्या रुग्णांपैकी जी बाई तीन अंडी आणून पाच माणसांत वाटते, तिच्यावरही नाही.

परंतु मोरजी, मांद्रे, हरमल या आमच्या किनाऱ्यावरील हॉटेलांत सकाळच्या एका ऑम्लेटचे जे बिल होते, त्यात तीन-चार रुपयांचा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून ही वर्दळ वाढतच आहे. पिंजरामुक्त अंड्याला ठरावीक गिऱ्हाईक मिळवून द्यायचे असेल, तर ते येथे आहे. हॉटेलांची बारमाही मागणी हाती असेल तरच एखादा शेतकरी शेड बांधण्याचे धाडस करील. त्यानंतर क्रम आपल्यासारख्या घरांचा, आणि शाळा व अंगणवाडीचा सर्वांत शेवटी, तोही वाढीव खर्च शासनाने उचलल्यावर.